खडकांतून आलेला पाहुणा

‘अतिथि’ या शब्दाची फोड करून सांगतांना आम्ही मास्तर लोक वर्गांत म्हणत असूं कीं, ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि. आज ज्या अतिथीविषयीं मी बोलणार आहें त्याची तिथि तर ठरलेली नसतेच. पण तो आला आहे ही वार्ताहि घरधन्यास कित्येक आठवडे लागत नाहीं. तो दगडाच्या पोटांत बसून येतो, दगडांतच राहतो, आणि घरांतलीं लहान मंडळी एकेक करून नाहींशी होऊं लागली म्हणजे मग त्याचा शोध सुरू होतो. हा अतिथि म्हणजे घरगुती समुद्रटाकींत नकळत शिरलेला मॅन्टिस श्रिम्प नांवाचा प्राणी होय.

अलीकडे मोठ्या शहरांतून खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी घरांत ठेवण्याची हौस वाढली आहे. गोड्या पाण्यांतील गप्पी किंवा गोल्डफिश पाळण्याहून हा छंद खर्चाचा, कष्टाचा आणि अधिक जबाबदारीचा आहे. येथें नुसते मासे पाळून भागत नाहीं; समुद्राचा एक लहानसा तुकडाच दिवाणखान्यांत नांदवावा लागतो. तो नांदावा म्हणून टाकींत जो दगड रचतात त्यास ‘जिवंत खडक’ असें नांव पडलें आहे. खडक स्वतः जिवंत नसतो. परंतु त्याच्या असंख्य छिद्रांत जें सूक्ष्म जीवन असतें तें टाकीचा प्राण होय. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया निर्माण होतो आणि तो त्यांना विषासमान आहे. खडकावरील जंतु त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर त्याहून पुष्कळच सौम्य असें नायट्रेट बनवितात. म्हणजे ज्या दगडास आपण शोभेची वस्तु समजतों तो वस्तुतः त्या घराचा सफाई-कामगार आहे.

आतां असा दगड समुद्रांतून येणार म्हटल्यावर त्याच्यासोबत समुद्राची प्रजाहि येणारच. अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांताचें उदाहरण पाहूं. तेथील समुद्रांतून नैसर्गिक खडक उपटून विकण्यास १९९० च्या दशकांत बंदी झाली. तेव्हांपासून कांहीं व्यावसायिक खाणींतला चुनखडक घेऊन तो भाडेपट्ट्यानें मिळविलेल्या समुद्रतळावर टाकतात, आणि त्यावर जीवसृष्टि रुजली म्हणजे बाहेर काढून विकतात. ही खडकांची शेतीच म्हणावयाची. परंतु शेतांत पेरलेलें तेवढेंच उगवतें असें थोडेंच आहे? मॅन्टिस श्रिम्पचीं पिलें जन्मल्यावर कांहीं काळ समुद्रांत तरंगत राहतात आणि मग तळाशीं उतरून बिळाचा आश्रय शोधतात. छिद्रांनीं भरलेला नवा खडक म्हणजे त्यांच्या दृष्टीनें बिनभाड्याच्या खोल्यांची चाळच! मेक्सिकोच्या आखातांतून येणाऱ्या अशा दगडांत ‘निओगोनोडॅक्टिलस वेनेरी’ नांवाची, दोन-तीन इंच लांबीची जात वारंवार आढळते. संकट आलें असतां पळून न जातां बिळांत घट्ट बसणें हा तिचा स्वभाव. म्हणूनच खडक पाण्याबाहेर काढला, पेटींत भरला आणि शेंकडों मैल दूर नेला, तरी ती आपलें घर सोडीत नाहीं.

हा प्राणी आहे तरी कसा? नांवांत मॅन्टिस आहे, पण तो कीटक नव्हे. श्रिम्प आहे, पण ती खरी कोळंबीहि नव्हे. कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या कवचधारी कुळाशीं त्याचें दूरचें नातें आहे; परंतु त्याची शाखा सुमारें ४० कोटी वर्षांपूर्वींच वेगळी झाली. पुढील दोन पाय जोडून जणूं प्रार्थनेस बसलेला जो हिरवा कीटक आपण बागेंत पाहतों, त्याच्यासारखे याचे पुढचे पाय दुमडलेले असतात. त्यावरून हें नांव पडलें. आपल्या अरबी समुद्रांतहि याचे भाऊबंद विपुल आहेत. ट्रॉलरच्या जाळ्यांत ते ढिगांनीं येतात आणि बहुधा खताच्या किंवा माशांच्या भुकटीच्या कामीं लागतात. जपानांत मात्र ‘शाको’ या नांवानें ते आवडीनें खाल्ले जातात.

या प्राण्यांचे शिकारीच्या पद्धतीवरून दोन वर्ग पडतात. एक भालेवाल्यांचा: हे बहुधा वाळूंत बीळ करून राहतात आणि कांटेरी पायानें जाणारायेणारा मासा भोसकतात. दुसरा घणवाल्यांचा: यांच्या पायाचा सांधा फुगीर व कठीण असून त्यानें ते शिंपल्या-खेकड्यांचीं कवचें फोडतात. दगडांतून येणारा पाहुणा बहुतेक या दुसऱ्या वर्गांतला असतो.

या घणाची करामत विलक्षण आहे. मोराच्या रंगांची जी एक मोठी जात आहे, तिच्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनीं २००४ सालीं प्रयोग प्रसिद्ध केले. तिच्या प्रहाराचा वेग सेकंदास २३ मीटरपर्यंत, म्हणजे तासास सुमारें ८० किलोमीटर भरला. आणि हें सर्व पाण्यांत, एका सेकंदाच्या तीनशेंव्या हिश्श्याहूनहि कमी वेळांत! नुसत्या स्नायूंस हें साधणारें नाहीं. येथें युक्ति धनुष्याची आहे. स्नायु सावकाश आकसून खोगिराच्या आकाराचा एक कठीण पण लवचिक भाग ताणून धरतात, खटका त्यास अडवून ठेवतो, आणि खटका सुटतांच सांठविलेली सर्व शक्ति एका क्षणांत बाहेर पडते. प्रहार इतका वेगवान कीं पाण्यांत क्षणभर बाष्पाचे बुडबुडे निर्माण होतात आणि ते फुटतांना भक्ष्यास दुसरा तडाखा बसतो. गोगलगायीस एकाच घावांत दोन घाव सोसावे लागतात.

डोळ्यांची गोष्टहि तितकीच नवलाची. रंग ओळखण्यासाठीं मनुष्याच्या डोळ्यांत तीन प्रकारच्या पेशी असतात. या वर्गांतील कित्येक जातींच्या डोळ्यांत अशा १२ प्रकारच्या आहेत. यावरून लोकांनीं तर्क केला कीं, ह्यास आपल्याहून कितीतरी अधिक रंगछटा दिसत असाव्यात. परंतु २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, जवळजवळच्या छटांतील भेद ओळखण्यांत तो माणसाहून मागेंच आहे. बारा साधनें जवळ असूनहि विवेक कमी असूं शकतो, हा धडा आम्हां माणसांनाहि घेण्यासारखा आहे.

आतां हा पाहुणा घरांत आला आहे हें ओळखावें कसें? पहिली खूण आवाजाची. काचेवर नखानें टिचकी मारावी तसा टक्-टक् आवाज टाकींतून येऊं लागतो. दुसरी खूण गोगलगायी, लहान खेकडे किंवा एखादा लहान मासा नाहींसा होण्याची. तिसरी, आणि सर्वांत विश्वासार्ह, म्हणजे कवचांचे तुकडे. कड टवके उडवून फोडलेली शंखाकृति कवचें एखाद्या छिद्रासमोर पडलेलीं आढळलीं, तर त्या छिद्राकडे लक्ष ठेवावें. रात्रीं हा प्राणी लहान खडे ओढून आपलें दार बहुधा बंद करून घेतो आणि दिवसा उघडतो. म्हणून सकाळच्या वेळीं शांतपणें बसून पाहिल्यास दांड्यांवर फिरणारे दोन डोळे छिद्रांतून आपल्याकडे पाहत असलेले दिसण्याचा संभव अधिक.

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. असाच आवाज करणारा दुसराहि एक प्राणी जिवंत खडकांतून येतो. त्यास पिस्तुल-कोळंबी म्हणतात. तिची एक नांगी मोठी असते आणि ती झटक्यानें मिटली कीं पिस्तुलासारखा बार होतो. ही बिचारी बहुधा निरुपद्रवी असते; कित्येक जाती तर गोबी नांवाच्या लहान माशाशीं एकाच बिळांत सलोख्यानें राहतात. परंतु आवाज ऐकला कीं घाबरलेला गृहस्थ तिलाच देहान्त शिक्षा देऊन मोकळा होतो. वर्गांत पाठीमागून खडू आला कीं मागच्या बांकावरच्या ठराविक मुलास उभें करण्याची कांहीं शिक्षकांची रीत असते, त्यांतलाच हा प्रकार. मासा मेला तर तो आजारानें मेला, पाण्याच्या दोषानें मेला, कीं खरोखरच मारला गेला, हें पुराव्यावांचून ठरवूं नये. आवाज हा संशय होय. फुटलेलें कवच हा पुरावा होय.

माझा पुतण्या फ्लॉरिडांत टॅम्पा येथें नोकरीस आहे. त्याच्या घरीं आखातांतल्या खडकावर उभारलेली टाकी आहे. मागच्या वर्षीं तिच्यांतल्या पांच गोगलगायी महिन्याभरांत गेल्या. सूनबाईंचें म्हणणें, सगळा खडक उकळत्या पाण्यांत घालून एकदांचा निकाल लावावा. त्यांची आठ वर्षांची कन्या मात्र रडकुंडीस आली. कारण तिनें तो पाहुणा छिद्रांतून डोकावतांना पाहिला होता आणि त्यानें आपल्याकडे ‘बघितलें’ अशी तिची खात्री होती. तिनें मला दूरध्वनीवरून विचारलें, “आजोबा, तो चोर आहे का हो?” मीं तिला म्हटलें, “बाळ, त्याला त्याच्या घरासकट उचलून तुमच्या घरीं कोणीं आणलें?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बाबांनीं.” खटल्याचा निकाल लागण्यास याहून अधिक साक्षीची जरुरी नव्हती. तो प्राणी आज वेगळ्या लहान टाकींत आहे.

तथापि दया दाखवावयाची म्हणजे हात जोडून बसावयाचें असें नव्हे. ज्या टाकींत गोगलगायी, खेकडे व लहान मासे आपण आपल्या जबाबदारीवर आणले, त्यांचें रक्षण करणें हेंहि आपलें कर्तव्य आहे. म्हणून पाहुण्यास वेगळें काढलेंच पाहिजे. प्रश्न एवढाच कीं, कसें?

प्रथम काय करूं नये तें सांगतों. खडक उकळूं नये, त्यावर उकळतें पाणी ओतूं नये. हा केवळ भूतदयेचा प्रश्न नाहीं. माणसांच्या जीवाचा आहे. खडकावर कधीं कधीं झोॲन्थिड नांवाचे मऊ, फुलांसारखे दिसणारे प्राणी असतात आणि त्यांच्या कांहीं जातींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. उष्णतेनें तें वाफेबरोबर हवेंत पसरून घरांतील माणसें आजारी पडूं शकतात. अशा विषबाधेच्या संशयित घटना अलास्कांत २०१२ ते २०१४ या काळांत घरांतून व दुकानांतून घडल्या आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०१५ सालीं त्यांची नोंद प्रसिद्ध केली. तसेंच बीळ सिमेंटानें किंवा गोंदानें बुजवूं नये; टाकींत औषध ओतूं नये. बिळांत मेलेला प्राणी तेथेंच कुजतो, अमोनिया वाढतो, आणि एकास शिक्षा करतां करतां सगळें घर दुखण्यास पडतें. आणि उघडा हात छिद्रांत कधींहि घालूं नये. या प्राण्यास इंग्रजींत ‘अंगठा फोडणारा’ अशा अर्थाचें टोपणनांव उगीच पडलेलें नाहीं.

आतां करावयाचें तें. जेथें त्याचें छिद्र निश्चित सांपडलें असेल तेथें तो एक दगड, जाड हातमोजे घालून, हलक्या हातानें बाहेर काढावा. खालीं टाकींतलेंच पाणी भरलेली बादली ठेवावी आणि छिद्राचें तोंड खालीं येईल अशा रीतीनें दगड तिच्यावर धरावा. बिळांतलें पाणी ओसरलें कीं कित्येकदां पाहुणा आपणहून बादलींत उतरतो. न उतरल्यास साधें सोडावॉटर पिचकारीनें थोडें थोडें छिद्रांत सोडावें; त्यांतील कार्बन डाय-ऑक्साइडनें अस्वस्थ होऊन तो बाहेर येतो. हा उपाय दगड टाकीबाहेर असतांनाच करावयाचा, टाकींत कदापि नाहीं. आणि नंतर तो दगड बादलींतल्या समुद्रपाण्यानें धुवून मगच परत ठेवावयाचा. दगड फार वेळ हवेंत राहूं देऊं नये, कारण त्यावरील स्पंजासारख्या जीवांस हवा मानवत नाहीं.

जेथें रचलेले दगड हलवितां येत नाहींत तेथें सांपळा लावावा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा गळा कापून तो उलटा तिच्यांतच बसविला म्हणजे आंत जाण्याची वाट सोपी व बाहेर येण्याची अवघड होते. तिच्यांत कोळंबीचा तुकडा ठेवून ती छिद्राजवळ आडवी ठेवावी. या कामास एक दिवस लागेल, कदाचित् पंधरा दिवसहि लागतील. हा प्राणी शहाणा आहे. त्याच्याशीं उतावळेपणानें वागणाराची फजिती होते.

टाकीची कांच तो फोडील काय, अशी भीति पुष्कळांस वाटते. इंग्लंडांत ग्रेट यार्मथ येथील मत्स्यालयांत १९९८ सालीं अशा एका मोठ्या प्राण्यानें कांच फोडल्याची हकीकत गाजली होती. परंतु दगडांतून येणारा दोन-तीन इंचांचा पाहुणा आणि मोराच्या रंगांची ती वीतभर लांबीची जात यांच्या बळांत मोठें अंतर आहे. चांगल्या जाडीच्या टाकीस या लहान पाहुण्यापासून सहसा धोका नसतो. धोका असतो तो गोगलगायींस.

बाहेर काढलेल्याचें पुढें काय करावें? कित्येकांस वाटतें, जवळच्या समुद्रांत सोडून द्यावा म्हणजे पुण्य लागेल. श्रोतेहो, हें पुण्य फार महागांत पडतें. मूळचा हिंदी व प्रशांत महासागरांतला लायनफिश नांवाचा विषारी कांट्यांचा मासा फ्लॉरिडाजवळ १९८५ सालीं प्रथम आढळला. हौशी लोकांनीं टाक्यांतून सोडलेल्या माशांपासून त्याचा तेथें वंश वाढला असें मानतात. आज तो कॅरिबियन समुद्रांत व मेक्सिकोच्या आखातांत सर्वत्र पसरला असून तेथील लहान माशांचा संहार करीत आहे. पाहुणा त्याच समुद्रांतला असला तरीहि हा धोका पुरता टळत नाहीं. कारण घरच्या टाकींत नाना समुद्रांतले जीव एकत्र नांदलेले असतात आणि एकाचा रोग दुसऱ्यास लागलेला असूं शकतो. तेव्हां टाकींतला जीव समुद्रांत सोडूं नये, हा नियम मुंबईस लागू आहे, टॅम्पासहि लागू आहे.

उत्तम मार्ग म्हणजे त्यास वेगळें बिऱ्हाड करून देणें. दोन-तीन इंचांच्या प्राण्यास चाळीस-पन्नास लिटरची टाकी, स्वच्छ खारें पाणी, आणि अंग मावेल अशा छिद्राचा एक दगड एवढें पुरतें. खाण्यास गोगलगाय, खेकडा किंवा गोठविलेल्या कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यानें द्यावा. तांब्याचें औषध पाण्यांत घालूं नये. कवचधारी प्राण्यांस तें मारक आहे. कधीं कधीं तो दार बंद करून कित्येक दिवस बाहेर येत नाहीं. तेव्हां तो मेला असें समजून दगड फोडूं नये. तो कात टाकीत असतो, आणि नवें कवच कठीण होईपर्यंत त्याचा घण निरुपयोगी असतो. याच गणांतील एका जातीवर स्टेगर व कॉल्डवेल या संशोधकांनीं १९८३ सालीं असें दाखवून दिलें कीं, नुकतीच कात टाकलेला प्राणी प्रहार करण्यास असमर्थ असूनहि दारांत येऊन शत्रूस धमकावितो. हातांत शस्त्र नाहीं, तरी घर सोडावयाचें नाहीं! ज्याच्या घराविषयींची आसक्ति एवढी तीव्र, त्यानें आपल्या दगडासोबत आपल्या दिवाणखान्यांत यावें यांत नवल तें काय?

आपल्या देशांतील हौशी गृहस्थांस एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रीफ बांधणाऱ्या प्रवाळांस २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घालून वाघाच्या बरोबरीचें संरक्षण दिलेलें आहे. तेव्हां सहलीस गेलां असतां प्रवाळाचा दगड पिशवींत घालून आणणें हा गुन्हा होतो. समुद्रांतून न काढलेला कोरडा खडक घेऊन त्यावर जंतूंचें विरजण लावण्याची रीत आतां प्रचलित आहे. तिला वेळ लागतो. पण तिच्यांत न बोलावलेले पाहुणेहि येत नाहींत आणि समुद्रहि लुटला जात नाहीं. दुसऱ्याच्या चालू टाकींतला दगड घ्यावयाचा झाल्यास तो मुख्य टाकींत एकदम न घालतां चार-सहा आठवडे वेगळ्या भांड्यांत, पाणी खेळतें ठेवून सांभाळावा आणि रोज निरखावा. जो कोणी आंत दडला असेल तो एवढ्या अवधींत आपली ओळख करून देतो.

श्रोतेहो, समुद्र घरांत आणावयाचा तर तो आपल्या सोयीपुरता निवडून आणतां येत नाहीं. रंगीत मासे तेवढे पाहिजेत आणि घणवाला नको, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे. परंतु त्यास मारण्यापूर्वीं तो कोण, तो खरोखर दोषी आहे काय, आणि त्यास ठेवण्यास दुसरी जागा आहे काय, हे तीन प्रश्न विचारण्याचें बंधनहि आपणांवरच आहे. काचेच्या अलीकडे जो उभा आहे त्याच्या हातांत सत्ता आहे. म्हणून विचार करण्याची पाळीहि त्याचीच.